निळ्या झाकणाची गाडी

आबांना त्या गाडीचं नाव कधी नीट घेता आलं नाही. ते तिला 'जर्मनी' म्हणायचे. "जर्मनी निघाली का रे?" असं फोनवर विचारायचे, आणि भाऊ मागून हसत असायचा. आबा आता नाहीत. गाडीही मी विकली. तरी अजून कोणी सहज विचारतं, जुनी जर्मन डिझेल घेऊ का, तुमचा अनुभव काय? आणि मी विषय बदलतो. त्या गाडीत नेमका काय बिघाड झाला होता ते सांगायला बसलो तर फार मागं जावं लागतं.

आबा, म्हणजे माझे वडील, गंगापूरच्या पुढं गोदावरीच्या अंगाला आमचं गाव आहे तिथं राहायचे. ऊस, थोडी कपाशी, दोन बैल. शेती धाकटा भाऊ बघायचा. मी शहरात राहतो आणि शेंद्र्याला एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. आबांच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, "रक्तात युरिया फार वाढलाय. आठवड्यातून दोनदा डायलिसिस करावं लागेल. थांबवलं तर काही दिवसांचा प्रश्न आहे." आबांनी जन्मभर युरियाच्या गोण्या पाठीवरून वाहिल्या. ते डॉक्टरांकडं नुसते बघत राहिले. बाहेर व्हरांड्यात आल्यावर मला हळूच म्हणाले, "मी तं कधी तोंडात बी घातला नाय रे." मला हसावं की रडावं ते कळेना.

शहरात आमच्याकडं राहायला या म्हटलं तर येईनात. दोन दिवस राहिले की बैलांची काळजी सुरू. मग जाऊन येऊन करायचं ठरलं. सुरुवातीला भाऊ त्यांना गावाहून जीपनं आणायचा. आपल्याकडची वडाप जीप म्हणजे नऊ माणसांच्या जागेत पंधरा, आणि वर कोंबड्यांची टोपली. मशीनवरून उठलेल्या माणसाच्या अंगात त्राण नसतं. त्यात ते खड्डे. गंगापूर यायच्या आत आबांना ओकारी व्हायचीच. नंतर मी माझी छोटी पेट्रोल गाडी काढायला लागलो, पण तिचाही दर खड्डा थेट पाठीच्या कण्यात लागायचा. ओकारी चालूच. तिसऱ्या महिन्यात त्यांनी जाहीर करून टाकलं, "आता बास. मला नका नेऊ. लई झालं जगून."

बोलणं सोपं असतं म्हणून बोलले असतील असं वाटून मी सोडून दिलं. पण पुढच्या खेपेला ते खरंच खाटेवरून उठले नाहीत. भावानं विनवण्या केल्या, भावजय रडली. दोन दिवसांनी पाय सुजले, धाप लागली, तेव्हा उचलून आणावं लागलं. म्हणजे हा माणूस खरंच डायलिसिस थांबवणार होता.

त्या दिवशी माझी गाडी सर्व्हिसिंगला होती म्हणून कारखान्यातल्या साहेबांनी त्यांची दिली. मोठी, काळी, जर्मन. परतीच्या वाटेवर आबांना मी मागं आडवं केलं. शहराच्या टोकाची छावणी ओलांडली आणि आरशात पाहिलं तर डोळे मिटलेले. गाडी बाजूला घेऊन मागं वळून पाहिलं, तर आबा घोरत होते. थेट गावात बैलांच्या घुंगरांनीच जागे झाले. ओकारी नाही, काही नाही. "रस्ता नवा केला का काय?" म्हणाले.

झालं. मी जर्मन गाडी घ्यायचं ठरवलं. बायको म्हणाली, "आबांचं नाव आणि तुमची हौस." तिचं अगदीच चूक नव्हतं. कॉलेजात असल्यापासून मी असल्या गाड्यांकडं मान वळवून बघत आलोय. पण नवी घ्यायची ऐपत कुठली? तेव्हा जुनी.

आणि जुनी जर्मन गाडी घ्यायची म्हटलं की आपल्या शहरातला प्रत्येक माणूस वैद्य होतो. एकजण म्हणाला, डिझेलच घे, तुझा रस्ता लांबचा आहे, धूर गाळणारी जाळी मोकळी राहील. दुसरा म्हणाला, डिझेलच्या नादी लागू नको, ती जाळीच तुला खाऊन टाकेल. तिसरा म्हणाला, सीटबेल्ट पूर्ण ओढून बघ, खाली चिखलाची रेघ दिसली तर गाडी पुरात बुडालेली. चौथ्यानं सांगितलं, धुराच्या नळीत पांढरा रुमाल घालून बघ. मी पुण्याच्या त्या डीलरकडं जाऊन सीटबेल्ट ओढले, नळीत रुमाल घातला. रुमाल स्वच्छ निघाला आणि मला फार आनंद झाला. त्यावरून काय सिद्ध होतं ते मला तेव्हाही माहीत नव्हतं. सगळे म्हणत होते की हा दारात हत्ती बांधतोय. हत्तीची पाठ मऊ असेल तर बांधू, असं मी म्हटलं आणि गाडी घेऊन आलो.

भावजयीनं गाडी ओवाळली, नारळ फोडला. आबा काठी टेकत गाडीभोवती एक फेरी मारून आले. चाकाला काठीनं ठोकून पाहिलं. मग सगळ्यांसमोर म्हणाले, "येतो. एवढी आणलीच तं येतो. पण आयक, ही ज्या दिवशी बंद पडली त्या दिवशी माझं बी येणं बंद. पुन्हा मला जीपीत कोंबायचं नाय." मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? त्या क्षणापासून माझ्या वडिलांचा जीव त्या गाडीत अडकला, आणि मला तिच्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

आबांनी एकदा इंजिन दाखव म्हटलं. बॉनेट उघडलं तर आत नुसतं काळं प्लास्टिकचं झाकण. "इंजन कुठंय?" मी म्हटलं, याच्या खाली असेल. मग त्यांनी डिझेलची टाकी पाहिली. तिथं शेजारीशेजारी दोन झाकणं होती, एक काळं आणि एक निळं.

"ह्यो निळा कशाचा?"

"त्यात युरिया भरतात आबा. पाण्यात मिसळलेला. त्यानं धूर साफ होतो."

मी फिरकी घेत असल्यासारखं आबा माझ्याकडं बघायला लागले. मग म्हणाले, "माझ्या अंगातून काढायलेत अन् गाडीत भरायलेत?" आणि हसले. ओठांवरचं वरवरचं हसू नव्हे, चांगले खोकला येईपर्यंत हसले. पुढं दर खेपेला गाडी गावात आली की येईल त्याला ते झाकण दाखवायचे.

दोनेक महिने सगळं छान चाललं. आबा मागं झोपायचं सोडून माझ्या शेजारी पुढं बसायला लागले. मग एक दिवस हॉस्पिटलला जाताना समोरच्या पडद्यावर टिंग करून एक पिवळी सूचना आली. खाली किलोमीटरचा आकडा.

"काय म्हणती?"

"युरिया संपत आलाय म्हणते. एवढे किलोमीटर झाले की मग गाडी सुरू होणार नाही."

"म्हंजे?"

"म्हणजे त्यानंतर एकदा बंद केली की बंदच."

आबा पुढं वाकून आकडा बघायला लागले. आकडा अजून चांगला मोठा होता, मला काही घाई नव्हती. पेट्रोलपंपावर त्या पाण्याचे कॅन मिळतात, सवडीनं आणू म्हणून मी स्टिअरिंगवरचं बटण दाबलं आणि सूचना घालवली. पुढच्या खेपेला ती परत आली, आकडा कमी होऊन. मी परत घालवली. आबांना इंग्रजी येत नव्हतं, पण साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उभं राहून सगळी हयात आकडे वाचण्यात गेली होती.

मग पोळा आला. आम्ही सगळे गावी. सकाळी मी आणि भावानं बैल धुवायला नदीवर नेले. परत आलो तर बैलांच्या आधी गाडीचा पोळा झालेला. बॉनेटवर गुलाल, काचेवर हळदीकुंकू, पुढच्या जाळीत झेंडूची माळ खोवलेली. आबा ओट्यावर बसून ओले हात पुसत होते. "तिला बी सण असतो," म्हणाले. मला ते इतकं गोड वाटलं की मी फोटो काढले.

शहरात परतताना लक्षात आलं, पिवळी सूचना गेली आहे. गाडी दोनदा बंद करून सुरू केली. नाहीच. मी बायकोला विचारलं, "तू भरलंस का?"

"तुमच्या त्या गाडीला मी पुसायलासुद्धा हात लावत नाही."

भावाला फोन केला. तो म्हणाला, "मला डिझेलचं झाकन उघडता येईना, युरिया काय भरतो?" आबांना विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. मी मनाशी ठरवून टाकलं की पडद्याचाच काहीतरी घोळ होता आणि तो आपोआप मिटला. जर्मन गाड्या स्वतःला दुरुस्त करतात असं एकानं मला सांगितलंही होतं.

आठवडाभर गेला. मग इंजिनाचा दिवा लागला, आणि पुन्हा सूचना. या वेळी ती युरिया भरा म्हणत नव्हती. यंत्रणेत दोष आहे म्हणत होती, आणि खाली पुन्हा उलटा आकडा. मी धावतपळत कॅन आणला. निळं झाकण उघडून ओतायला लागलो तर टाकी काठोकाठ. मी न भरलेली टाकी भरलेली!

गाडीच्या कंपनीच्या वर्कशॉपनं ती चारपाच दिवस ठेवावी लागेल म्हणून सांगितलं. आठवड्यातून दोनदा हॉस्पिटल, गाडी ठेवणार कशी? म्हणून मी छावणीच्या बाजारामागं एका गॅरेजवाल्याकडं गेलो. पन्नाशीचा माणूस, सगळे त्याला चाचा म्हणायचे. चाचांनी गाडीला दोष शोधायचं मशीन लावलं, त्याच्या पडद्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "सेन्सर का लफडा है साहब. हौ, पक्का." सेन्सर काढून साफ केला. दिवा गेला, दुसऱ्या दिवशी परत आला. मग म्हणाले, चूहे ने वायर कुतरी हुईंगी. गाडीखाली झोपून सगळ्या वायरी तपासल्या. उंदीर नाही, लेंडी नाही. मग म्हणाले, बॅटरी कमजोर आहे. मग म्हणाले, "ये गाडी पढी-लिखी है साहब, इसको गुस्सा जल्दी आता." ते दर वेळी खात्रीनं बोलायचे आणि मी दर वेळी विश्वास ठेवायचो. आकडा मात्र कमी कमी होत होता.

आबांना मी काही सांगितलं नाही. ते मात्र शेजारी बसून टक लावून पडद्याकडं बघायचे. मी बटण दाबलं की खिडकीबाहेर बघायचे. मला वाटायचं, हा माणूस वाट बघतोय. गाडी कधी एकदा बंद पडते आणि मी कधी सुटतो, अशी वाट. मला रागही यायचा आणि भीतीही वाटायची.

एका डायलिसिसच्या दिवशी हॉस्पिटलच्या फाटकात आकडा शून्य झाला. म्हणजे आता इंजिन बंद केलं की संपलं. मी ते बंदच केलं नाही. वॉर्डबॉयकडून व्हीलचेअर मागवली, आबांना आत पाठवलं आणि सबंध डायलिसिस होईपर्यंत चालू गाडीत बसून राहिलो. वॉचमन तीनदा येऊन गेला. "साहेब, बंद करा ना, डिझेल जाळता कामून?" मी म्हटलं, बंद केली तर तुमच्या फाटकातच राहील. तो बाजूला झाला. आत वडील मशीनला लावलेले, बाहेर मी गाडी धरून बसलेला. आयुष्यात इतकं मूर्खासारखं मला कधी वाटलं नव्हतं.

आबा बाहेर आल्यावर गाव राहिलं, सरळ गॅरेजला गेलो. चाचांच्या दारात चावी फिरवली आणि गाडी थंड झाली. आबांना सावलीत खुर्ची दिली. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलेलं, म्हणून अर्धा कप चहा दिला.

चाचांनी या वेळी मशीन लावलंच नाही. आता काय राहिलं म्हणून असेल, त्यांनी निळं झाकण उघडलं आणि नाक खाली नेलं. मग माझ्याकडं पाहिलं. "साहब, इसमें से नीम की बास आरी."

मीही वास घेतला. कडुनिंबाचा, शंभर टक्के. आपल्या खताच्या गोणीला येतो तोच, कारण शेतीच्या युरियाला निंबाचं तेल चोळलेलं असतं. नळी घालून थोडं पाणी काढलं तर पिवळसर, वर तेलाचा तवंग. चाचा म्हणाले, पहले वाले मालिक ने डाला हुईंगा. मी तिथल्या तिथं पुण्याच्या डीलरला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोललो. तो बिचारा देवाच्या शपथा घेत होता.

"त्याला कामून बोलायला?" आबा खुर्चीवरून म्हणाले. "तो मी घातला."

मी फोन ठेवला.

"पोळ्याच्या दिशी. तुम्ही नदीवर गेल्ते तवा. गोणीतला घेतला, बादलीत इरगळला. पानी बर्फावानी गार झालं. धोतराच्या फडक्यानं गाळून घेतला चांगला, अन् नरसाळ्यानं वतला."

माझं डोकं फिरलं. ज्या माणसानं सगळ्या गावासमोर सांगितलं होतं की गाडी बंद तर मी बंद, त्यानंच गाडीच्या पोटात खत घातलं होतं. गेले कित्येक दिवस मी ज्याला घाबरत होतो ते खरं निघालं असं मला वाटलं. चाचा उभे होते, रस्त्यावर माणसं होती, कशाचंही भान न ठेवता मी ओरडलो, "आबा, मुद्दाम केलं ना तुम्ही? सरळ सांगायचं होतं मरायचंय म्हणून. आम्ही का धावतोय मग?"

आबांनी कप खाली ठेवला. त्यांना राग आलेला दिसला नाही. लाज वाटल्यासारखं दिसत होतं.

"मुद्दामच केलं. ती चालू राहावी म्हून केलं."

त्यांनी काठीनं गाडीकडं दाखवलं.

"आकडा कमी कमी व्हायला लागला. तू नुसता बटन दाबायचा अन् तिचं तोंड बंद करायचा. मला झोप लागंना रे. म्हणलं, युरियाच पाहिजे ना, घरात गोण्या पडल्यात."

"मग मला म्हणायचं ना, भर म्हणून. एक शब्द तर बोलायचा."

"कोण्या तोंडानं बोलू?" आबा म्हणाले. "मीच म्हणून बसलो व्हतो ना, बास झालं, नका नेऊ म्हणून. आता म्हातारपणी कसं म्हणू का बाबा, मला यायचंय?"

चाचा तोंड फिरवून आत गेले आणि उगाच पान्हे लावत बसले. मी आबांच्या शेजारी जमिनीवर बसलो. मला रडू आवरेना. इतके महिने मी या माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध ओढून आणतोय असं समजत होतो आणि त्याचा राग राग करत होतो. तो मात्र माझ्या शेजारी बसून दर खेपेला आकडा मोजत होता, आणि घाबरत होता. आबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "लई खराब केली का रे मी जर्मनीला?" एवढंच विचारलं.

टाकी उतरवून, सगळं धुवून काढायला वेळ लागणार होता. त्या दिवशी आबांना मित्राच्या गाडीतून गावी पोचवलं. पुढच्या डायलिसिसला ओळखीच्या टॅक्सीवाल्याला सांगून ठेवलं होतं. सकाळी तो म्हणाला, गाडी पंक्चर आहे, जरा उशीर होईल. आबा ताटकळत बसू नयेत म्हणून मी घाईनं भावाला फोन केला.

"आबा तं मघाशीच गेले," भाऊ म्हणाला.

"कुठं गेले?"

"जीपीत बसून गेले. मी म्हणलं, थांबा, दादाची टॅक्सी येणार हाय. नाय म्हणले. ड्रायव्हरच्या शेजारची जागा धरली, मला बी घेतलं नाय बरोबर. शेळ्या बांधायच्यात, तू थांब म्हणले."

मी सगळं टाकून जीपा थांबतात त्या नाक्यावर गेलो. बराच वेळ उभा राहिलो. एक जीप आली, तिच्यात आबा नव्हते. दुसरीही गेली. तिसरीच्या पुढच्या दारातून आधी काठी आली, मग आबा. चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी एक हात दाराला धरून ठेवला, वाकून रस्त्याच्या कडेला ओकले. मी धावत जाऊन कपाळ धरलं. त्यांनी पाण्याच्या एका घोटानं चूळ भरली, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि माझा दंड धरला.

"चल लवकर," म्हणाले. "मशीन दुसऱ्याला देतील."